सातशेच्या पुढे

बर्फाच्या कारखान्यावरची खोली, सोसायटीने दिलेली.
खाली चुरा पाडायचं यंत्र सुरू झालं
की टेबलावरचा लॅपटॉप थरथरतो
आणि आलेखाची रेघही थरथरतेय असं वाटतं.
रेघ स्थिर आहे. मी तपासलं.

रोज संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर लिलाव पुकारतात,
तो नारळी पौर्णिमेपासून फोनवरही पुकारायचा आहे.
म्हणून काल रात्री मी दोन हजार खोटे खरेदीदार सोडले.
त्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत.
त्यांची बोटं ओली नसतात.
दापोलीच्या घाटीत त्यांची रेंज जात नाही,
शेजारणीशी भांडता भांडता त्यांची बोली चुकत नाही.
तीन सेकंद थांबतात, कारण मी तसं लिहिलंय,
आणि पुन्हा बोली लावतात
कुठल्याच जाळ्यात न आलेल्या पापलेटवर.

अहवाल पहाटे तयार झाला. सव्वीस पानं.
चेअरमन हेमंत चोगले पहिलंच पान वाचतात:
सरासरी प्रतिसाद, एक पूर्णांक दोन सेकंद.
"बेस! म्हणजे चालतंय."
मग आलेखावर बोट ठेवतात.
सातशे खरेदीदारांच्या पुढे रेघ चक्क खाली उतरली आहे.
"गर्दी वाढली तसं जलद झालं की गो!"

क्षणभर मीही खूश झाले होते, चहाआधी.
मग नोंदी उघडल्या, ओळ न् ओळ.
सातशेनंतर सर्व्हर काम करतच नव्हता.
नाही म्हणत होता.
नाही म्हणायला किती वेळ लागतो?
साठ मिलिसेकंद.
हो म्हणायचं तर शोधावं लागतं
टोपली कुणाची, आधीची बोली कुणाची,
वही उघडून नाव लिहावं लागतं.
नकाराला वही लागत नाही.
ते सगळे चपळ नकार सरासरीत मिसळले,
शिळ्या मालावर वरून बर्फ टाकावा तसे,
आणि आकडा ताजा दिसायला लागला.

बर्फ न्यायला आलेले धर्मा तांडेल दारात थांबून ऐकत होते.
म्हणाले, नवी होडी पाण्यात घातली
की आम्ही वाळूची पोती चढवत जातो.
बुडायची वाट नाय बघत.
काठ पाण्याच्या वर किती बोटं उरला, तेवढं बघतो.
जाता जाता म्हणाले,
पोती गप बसतात पण. माणसं नाय बसत.

एकोणिसाव्या पानावर एक बारीक राखाडी रेघ आहे.
शंभरांतला सर्वांत मागचा: अकरा सेकंद.
अकरा म्हणजे फार की थोडे, हे सव्वीस पानांत कुठेच नाही.
मी चप्पल हातात घेऊन पुळणीवर गेले, घड्याळ लावलं.
शेवटच्या बोलीपासून "तीन वार" होईपर्यंत
नऊ सेकंद. एकदा आठ.
सुरमईचा ढीग असेल तर दहा, कारण पुकारणारा रेंगाळतो.

शंभरातली ती एक
मला पाजपंढरीच्या मालन पावसेसारखी दिसते,
दोन टोपल्या घेऊन रिक्षाने दापोलीत विकणारी.
पडद्यावर चक्र फिरतंय, ती अंगठा साडीला पुसतेय,
आणि ढीग उचललासुद्धा गेलाय.
तिला नकारही मिळाला नाही.
नोंदीत तिच्यापुढे हिरवी खूण आहे: यशस्वी.

पहिलं पान मी पुन्हा लिहिलं.
सरासरी खाली नेली, वर दोन ओळी ठेवल्या.
सातशेपर्यंत चालेल.
नऊ सेकंदांनंतर आलेलं उत्तर आणि सर्वांत लवकर आलेलं उत्तर,
दोन्ही वेगळी मोजावीत.

चेअरमनांनी दोन्ही ओळी दोनदा वाचल्या.
आमंत्रणपत्रिका छापून झाल्यात, असं हळूच म्हणाले.
मग खिडकीशी आले. "सातशे माणसं येतात तरी का गो इथे?"
खाली गाड्या लागत होत्या, टोपल्यांवर टोपल्या.
आम्ही दोघं मोजायला लागलो.
तीनशे चाळिसाला एक होडी लागली,
सगळे तिकडे धावले,
आणि पुन्हा एकपासून.